दोरखंडाला चालला, फळीला का नाही?

जबलपुरात अधारतालच्या जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठाच्या आसपास ताग म्हटला की हिरवळीचे खतच आठवते. फुलावर आला की नांगरून गाडायचा. त्याच्या तंतूंची रेझिनमध्ये बसवलेली फळी करा म्हटले की प्रश्न ठरलेला : काचतंतूपुढे हे गवत टिकणार का?

जबलपूरकरांनी तरी हे विचारू नये. इथला ताग एकोणिसाव्या शतकात 'जबलपूर हेंप' नावाने विलायतेला ठाऊक होता. क्रिमियाच्या युद्धाने रशियन हेंपची चणचण भासत असताना, १८५५ साली, जॉन फोर्ब्स रॉयल यांनी भारतीय तंतुवनस्पतींवरच्या ग्रंथात त्याची दखल घेतली. त्या काळी प्रश्न जहाजांच्या दोरखंडांचा होता.

ताणशक्तीत काचतंतू सरस, हे निमूट मान्य. पण दाराची फळी ताणून कोण तोडतो? ती वाकते, आणि वाकताना जाडीच्या घनाचा हिशेब चालतो. काचेची घनता सुमारे २.५, वनस्पतितंतूंची १.५ च्या आसपास. समजा, तागाच्या फळीचा ताठरपणाचा मापांक काचतंतूच्या फळीच्या निम्माच भरला. तरी जाडी पाव भागाने वाढवली की फळी जवळपास तितकीच ताठ होते आणि वजनही फारसे वाढत नाही. शिवाय कापताना अंगाला खाज सुटवणारी काचेची धूळ नाही.

उलट बाजूचे भक्तही कमी नाहीत. 'पोलादाहून मजबूत' ही त्यांची आरोळी निव्वळ बाजारू. सुट्या तंतूचा आकडा फळीला लावायचा नसतो. तंतू आडवेतिडवे पसरले की ताठरपणातला त्यांचा वाटा तीन-अष्टमांशावर येतो. त्यात एकाच ताटाच्या बुडख्याचा आणि शेंड्याचा तंतू सारखा नसतो, आणि तंतू सोडवण्यासाठीची कुजवणी जास्त झाली तर दोन्ही वाया. दोनशे अंशांच्या पुढे तंतू करपू लागतो, म्हणून पॉलिप्रॉपिलीन चालते, नायलॉन सहसा नाही.

खरा शत्रू पाणी. सेल्युलोज ओल धरते, तंतू फुगतो, रेझिनपासून सुटतो. याचा पुरावा मोडलेल्या तुकड्याच्या कडेवरच दिसतो. तंतू उघडे, गुळगुळीत, लांब बाहेर आलेले असतील तर पकड कच्ची होती. तंतू रेझिनबरोबरच, जवळजवळ एका पातळीत तुटले असतील तर पकड पक्की. कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात धुणे, साच्यात घालण्याआधी नीट वाळवणे आणि कापलेल्या कडा रेझिनने बंद करणे, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. हे टाळून केलेली फळी जबलपूरच्या पावसाळ्यात फुगली, तर दोष तागाला देऊ नये.

तुळई, शिडी, पाण्याची टाकी यांच्यासाठी मी ताग सुचवणार नाही. दाराचे पॅनेल, छताखालचा पत्रा, खोकी यांसाठी मात्र हा तंतू हक्काने मागावा. त्यासाठी थोडे क्षेत्र गाडण्याऐवजी शेंगा धरेपर्यंत उभे ठेवावे लागेल, आणि वाणाच्या शिफारशीत उत्पन्नाशेजारी तंतूचा मापांकही छापावा लागेल.