शिळ्या वेताळाची बाजू

वर्गात माझ्या दप्तरात वेताळाचं इंद्रजाल कॉमिक्स सापडलं आणि गुरुजी कडाडले, "शिळा माल आहे हा! जप्त!"

आता, माल शिळा होता हे खरंच. ली फॉकचा वेताळ अमेरिकन वर्तमानपत्रांत १९३६ सालीच अवतरला होता. त्याच जुन्या गोष्टी इंद्रजालवाल्यांनी मार्च १९६४ पासून आपल्याकडे रंगवून छापल्या. पण म्हणून बिघडलं कुठं? वारणानगरच्या कारखान्यासमोर उसाच्या गाडीवर बसून वाचणाऱ्या पोराला ती गोष्ट त्या दिवशीच घडत होती! रामायण आपण दरवर्षी ऐकतो. शिळं म्हणतो का? गुरुजी तोच धडा, त्याच विनोदासकट, दरसाल शिकवीत. त्याला मात्र 'अनुभव' म्हणायचं!

आणि वेताळ म्हणजे तरी काय? बाप गेला की मुलानं तोच मुखवटा चढवायचा. हा २१वा. म्हणजे नायकच मुळी पुनर्मुद्रण!

पाठ्यपुस्तकाबाहेरचं वाचायची चटक आम्हांला या शिळ्यानंच लावली. १९९० साली इंद्रजाल बंद पडलं. नाकं मुरडणाऱ्यांनी पोरांच्या पानात ताजं काय वाढलं, ते विचारायचं राहूनच गेलं.

जप्त झालेला माझा अंक काही परत आला नाही. शिळा होता ना, गुरुजी? मग संपवला कुणी?