ओवी अडली कुठे?

मागच्या शनिवारी आमच्या वर्गात एक गंमत झाली. खरं म्हणजे आधी पंचाईत झाली, गंमत नंतर!

चौथीतली एक मुलगी पेन ड्राइव्ह घेऊन आली. त्यात तिच्या आजीनं जात्यावर म्हटलेल्या ओव्या होत्या. दिवाळीत काकांनी त्या मोबाइलवर टिपल्या आणि पेन ड्राइव्हवर घेतल्या. पुढे भातलावणीत तो मोबाइल खाचरात पडून कायमचा मुका झाला. म्हणजे उरली ती एवढी एकच प्रत!

आमच्या मुळशीत ओव्यांची मोठी श्रीमंती आहे, बरं का. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यात मुळशीतल्या बायकांच्याही आहेत. 'पारी'च्या संकेतस्थळावर त्यातल्या कितीतरी ऐकायला मिळतात. पण या आजीच्या तिथे नाहीत ना!

वर्गातला संगणक जुना, विंडोज एक्सपीवाला. फाइल उघडली, तर मीडिया प्लेअर म्हणतो, ही मला वाजवता येत नाही. झालं! सगळेच डॉक्टर.

"बाई, स्पीकर गेला."

"बाई, व्हायरस आहे. फॉरमॅट मारा!"

थांबा रे! ताप आहे की पोटदुखी ते न बघताच औषध? आधी फाइलची नक्कल संगणकात घेतली आणि पेन ड्राइव्ह कपाटात ठेवून दिला. मग शोध सुरू.

संगणक सुरू होताना त्याचा सूर वाजला होता. म्हणजे स्पीकर, हिरव्या भोकातली पिन, आवाजाचं बटण, सगळं ठीक. मग आमची जुनी प्रार्थनेची एमपी३ लावली. तीही वाजली. म्हणजे प्लेअरही ठीक. उरली कोण? फाइल!

तिच्या नावाच्या जागी नुसत्या चौकटी दिसत होत्या, कारण काकांनी नाव देवनागरीत दिलेलं. जुन्या संगणकांना ते कधीकधी वाचता येत नाही. नाव इंग्रजीत केलं, तरी ढिम्म. तेवढ्यात एका पठ्ठ्यानं नावाच्या शेवटचं एम४ए खोडून एमपी३ लिहिलं. आता सांगा, पोत्यावर आंबेमोहोर लिहिलं म्हणून आतली नाचणी आंबेमोहोर होते का?

गोम तिथेच होती. आवाज कमी जागेत मावावा म्हणून त्याची घडी घालतात. घडी घालायच्या आणि उलगडायच्या रीतीला कोडेक म्हणतात. मोबाइलनं घातलेली घडी एएसी नावाची. ती उलगडणं मीडिया प्लेअरला विंडोज ७ पासून येऊ लागलं. आमच्या एक्सपीतल्या प्लेअरला बिचाऱ्याला कुठून येणार?

उपाय निघाला व्हीएलसीचा. पॅरिसमधल्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या कामातून हा प्लेअर जन्मला. तो फुकट आहे आणि पुष्कळशा घड्या उलगडायची विद्या स्वतःबरोबरच घेऊन येतो. त्याची ३.० मालिका एक्सपीवर चालते, फक्त सर्व्हिस पॅक ३ हवा. पण एक्सपीची सुरक्षा डागडुजी एप्रिल २०१४ मध्येच थांबली, म्हणून तो संगणक मी इंटरनेटला जोडत नाही. घरच्या लॅपटॉपवर व्हिडिओलॅनच्या मूळ संकेतस्थळावरून प्लेअर उतरवून घेतला आणि दुसऱ्या पेन ड्राइव्हवरून आणला. 'फुकट कोडेक' म्हणून बोलावणाऱ्या भलत्यासलत्या जागी तुम्ही फिरकू नका हं. मोठ्या माणसाला सोबत घ्या.

आवाज आला! पण अडखळत, उचकी लागल्यासारखा. मेमरी मुळात थोडी, आणि मागे चित्रं रंगवायचा खेळ उघडाच. तो बंद केला नि ओवी सरळ चालू लागली. मग व्हीएलसीतच तिची एमपी३ प्रत केली, मिनिटाला साधारण एक एमबी. मूळ फाइल तशीच ठेवली, कारण घडी बदलताना आवाज थोडा उतरतो.

मधल्या सुट्टीनंतर आजी काठी टेकत आल्या. बाकावर बसून त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "बाई, ह्यात भावाच्या ओव्या ऱ्हायल्या की!" आणि टिपायला कुणी काही हातात घेण्याआधीच त्यांनी गायला सुरुवातही केली. मी धावले मोबाइल शोधायला.