उचलून नेणारा मास्तर

5 सप्टेंबर 2017 रोजी आमच्या शाळेच्या पटांगणात माझा सत्कार झाला. शाल मिळाली, श्रीफळ मिळाले, टाळ्याही मिळाल्या. आजवर लिहिलेल्या कादंबऱ्यांत मी स्वतःच्या आयुष्यातले बरेच काही घातले. हा सत्कार मात्र कुठे घातला नाही. कारण त्याची मला लाज वाटते.

मी मॅट्रिक झालेला, चित्रकला शिकवणारा साधा मास्तर. जन्मतःच दोन्ही पायांत बळ नसलेल्या एका मुलाला मी पाचवीपासून तीन वर्षे पाठुंगळीला घेऊन एकोणीस पायऱ्या चढत होतो आणि उतरत होतो. आमचे सारे वर्ग माडीवर. खाली कचेरी, शिक्षकांची खोली आणि एक अडगळ. वक्त्यांनी मला श्रावणबाळाची उपमा दिली. (श्रावणाचे आईबाप जिना चढून शाळेत जात नव्हते, एवढा फरक कोणाच्या ध्यानात आला नाही!) ज्याच्यामुळे हा सत्कार घडला तो मुलगा व्यासपीठाखाली बसला होता, कारण व्यासपीठालाही पायऱ्या होत्या. फोटोपुरते त्याला वर आणायचे काम अर्थात माझ्याकडेच आले.

पुढच्या जूनमध्ये तो आठवीत गेला. ओठांवर लव दिसू लागली होती. पहिल्याच दिवशी जिन्याशी तो मला म्हणाला, “गुरुजी, आता उचलू नका. पोरं बघतात. आमचा वर्गच खाली नाही का आणता येणार?”

हा प्रश्न तीन वर्षांत मला सुचला नव्हता, हे आधी कबूल करतो. मी तो संस्थेच्या चिटणिसांपुढे मांडला. “एका मुलासाठी सगळी शाळा हलवायची काय?” हे त्यांचे उत्तर. शिक्षकांच्या खोलीतही कुरकुर झाली. माडीवर पत्रे तापतात. खाली गारवा असतो आणि चहाही तिथेच येतो. मीही तो चहा पीत होतो. एकदा विचारले, नकार ऐकला आणि गप्प बसलो. 2018 च्या दिवाळीच्या सुट्टीनंतर तो मुलगा शाळेत आला नाही. दाखला न्यायला वडील आले. जाताना त्यांनी मला वाकून नमस्कार केला.

आता कायदा पाहा. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा 2016 साली संमत झाला आणि 19 एप्रिल 2017 पासून अमलात आला. म्हणजे माझ्या सत्काराच्या साडेचार महिने आधी. त्याचे सोळावे कलम सांगते की, सरकारी मदतीवर किंवा मान्यतेवर चालणाऱ्या शाळांनी अशा मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा, इमारत त्यांना वापरता येईल अशी करावी आणि ज्याची जशी गरज असेल तशी वाजवी सोय करावी. वर्ग माडीवरून खाली आणणे याहून वाजवी सोय ती कोणती? तिला दिडकीही लागत नाही. चिटणिसांना हे कलम दाखवले तेव्हा ते हसून म्हणाले, “मास्तर, तुम्ही चित्रे काढा.”

बरे, चित्रेच काढतो! आमचे जोते दोन फूट उंच आहे. उताराचे मान बारास एक धरले, तर चोवीस फुटांचा उतार हवा. अंगणात जागा भरपूर. पण मतदानाच्या दिवशी आमच्या शाळेत केंद्र असते, त्या दिवशी तिथे फळ्यांचा उतार येतो आणि दुसऱ्या दिवशी तो उचलून नेतात. त्या माणसाचे मत आम्हाला हवे असते. त्याचा मुलगा वर्गात नको असतो, असेच म्हणायचे ना?

वाचकहो, 3 डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिन येईल. तीनचाकी सायकली वाटल्या जातील, हारतुरे होतील. वाटणाऱ्यांचा मी द्वेष करत नाही. पण ती सायकल घेऊन त्याने जावे कुठे? बँकेला पायऱ्या, पंचायतीला पायऱ्या, देवळाला तर विचारूच नका. 2011 च्या जनगणनेत अशी 2 कोटी 68 लाख माणसे मोजली गेली. इतक्यांना पाठुंगळीला घेणारे मास्तर आणायचे कुठून? आणि घ्यायचेच कशाला? सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये बजावले की, सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. आम्ही मात्र ‘अपंग’ खोडून ‘दिव्यांग’ लिहिले आणि कर्तव्य संपले असे मानले. शब्द बदलायला गवंडी लागत नाही.

यंदा पाचवीत अशीच एक मुलगी आली आहे. तिची आई रोजगार बुडवून तिला कडेवर घेते आणि त्याच एकोणीस पायऱ्या चढते. संस्थेने त्या माउलीचा सत्कार करायचे ठरवले आहे. मी येणार नाही, असे चिटणिसांना लेखी कळवले आणि शिक्षकांच्या खोलीतले माझे कपाट शिपायाच्या मदतीने माडीवर नेऊन ठेवले. खाली अजून आठ कपाटे आहेत.