सत्राचे गणित आणि झोपेची उधारी

पहिले सत्र संपत आले की महाविद्यालयांच्या स्टाफरूममध्ये एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘दिवाळीच्या सुट्टीत पेपर पुरा करते.’ पेपर म्हणजे शोधनिबंध. जूनमध्ये तो ‘वेळापत्रक एकदा मार्गी लागू दे’ म्हणून थांबलेला असतो, ऑगस्टमध्ये ‘गौरी-गणपती होऊन जाऊ देत’ म्हणून. दिवाळीत कॅपमध्ये उत्तरपत्रिकांचे गठ्ठे वाट पाहत असतात, घरात साफसफाई आणि फराळ, सासर-माहेरची ये-जा, शिवाय मुलांचा सुट्टीतला अभ्यास. पेपर दुसऱ्या सत्रात जातो. त्याच्यामागोमाग पीएच.डी.चा प्रगती अहवाल, रखडलेली पदोन्नती आणि बरेचदा प्रकृतीही जाते.

‘प्राध्यापकांना काय, तीन तास शिकवायचे की मोकळे’ असे आपल्याकडे अजूनही म्हटले जाते. त्यामुळे आधी हिशेब मांडू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार पूर्णवेळ शिक्षकाने वर्षात ३० आठवडे, म्हणजे अध्यापनाचे १८० दिवस, आठवड्याला किमान ४० तास काम करायचे असते. त्यात प्रत्यक्ष अध्यापन सहायक प्राध्यापकाला १६ तास, सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापकाला १४ तास. आधीच्या २०१० च्या नियमावलीत आठवड्याचे किमान ६ तास संशोधनासाठी राखण्याचीही अपेक्षा होती. कागदावर हे सारे नीट बसते. ४० मधून १६ गेले, २४ उरले. तयारी, तपासणी, संशोधन सगळे त्यात मावेल असे वाटते.

मावत नाही. नव्या शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रम बदलले आहेत, त्यामुळे वीस वर्षे शिकवणाऱ्यालाही बरेच तास नव्याने उभे करावे लागतात. १६ पैकी निम्मेच तास नवे धरले आणि प्रत्येकाला दोन तासांची तयारी धरली तरी १६ तास तिथेच संपले. उरले आठ. त्यात विभागाच्या बैठका, मार्गदर्शन गटातले विद्यार्थी, प्रवेश समिती, ‘नॅक’च्या सात निकषांच्या फायली, राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर आणि ‘आजच पाठवा’ अशी ताकीद असलेली माहितीपत्रके. अंतर्गत परीक्षा तर अजून या हिशेबात आलेलीच नाही. १२० विद्यार्थ्यांचा वर्ग, सत्रात दोन चाचण्या, एका उत्तरपत्रिकेला आठ मिनिटे : ३२ तास झाले. हे एका विषयाचे. संशोधनाचे सहा तास यातून कुठून काढायचे? ते रात्रीतून निघतात, हे सगळ्यांना ठाऊक असते आणि कुठल्याही नोंदवहीत ते लिहिलेले नसते.

रात्रीवर आधीच घराचा हक्क असतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देताना दिसल्या, तर घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. मुलांचे आणि वृद्धांचे करण्यात जाणारा वेळ वेगळा. ही देशातल्या सर्व थरांची सरासरी आहे. प्राध्यापक बाईंच्या घरी धुण्याभांड्याला मावशी येत असतील, त्यांचे आकडे थोडे सौम्य असतील. पण मावशींनी दांडी मारली की निरोप कोणाच्या मोबाइलवर येतो, आणि शाळेच्या पालकसभेला कोणाचा तास बुडतो, हे वेगळे सांगायला नको.

म्हणजे नोकरीच्या तासांना नियम आहे, घराच्या कामाला ठरलेली वेळ आहे. ज्याला कोणी वाली नाही अशी एकच गोष्ट उरते, ती झोप. सारी काटछाट तिथेच होते.

या काटछाटीविषयी विज्ञानाला बरेच काही कळलेले आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात हान्स व्हॅन डाँगेन आणि सहकाऱ्यांनी निरोगी प्रौढांना सलग १४ दिवस ठरावीक तासच झोपू दिले आणि रोज त्यांच्या लक्षाची व स्मरणाची चाचणी घेतली. हा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज सहा तास झोपणाऱ्यांचा मेंदू दोन आठवड्यांच्या अखेरीस, अजिबात न झोपलेल्या माणसासारख्या चुका करू लागला होता. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. या मंडळींना स्वतःला मात्र तितकी झोप येत असल्याचे जाणवत नव्हते. पहिले काही दिवस त्यांना पेंग आली, मग ‘सवय झाली’ असे वाटू लागले. चाचणीतल्या चुका वाढतच होत्या. ‘मला सहा तास पुरतात’ असे सांगणाऱ्या बहुतेकांनी हे लक्षात घ्यावे. प्रौढांनी रोज किमान सात तास झोपावे अशी अमेरिकेतील निद्रातज्ज्ञांच्या संस्थांची २०१५ पासूनची शिफारस आहे. सत्र पंधरा आठवड्यांचे असते आणि वरचा प्रयोग फक्त दोन आठवड्यांचा होता.

कामाच्या एकूण तासांचाही प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये जाहीर केलेल्या विश्लेषणानुसार आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक आढळतो. हे नोकरीधंद्याचे तास आहेत. कुकरच्या शिट्ट्या त्यात मोजलेल्या नाहीत.

वेळेइतकेच नुकसान वेळेच्या तुकड्यांनी होते. दोन तासांच्या मधली पंचेचाळीस मिनिटे ‘मोकळी’ दिसतात, पण त्यात संशोधन होत नाही. का होत नाही, याचे उत्तर सोफी लरॉय यांच्या २००९ च्या अभ्यासात मिळते. एक काम अर्धवट टाकून दुसरे हाती घेतले की मनाचा काही भाग पहिल्या कामातच घुटमळत राहतो आणि दुसऱ्या कामाची प्रत घसरते. वर्गातून आलेल्या शिक्षिकेच्या डोक्यात अजून मागच्या बाकावरच्या मुलाची शंका असते. ती मावळून विदा-विश्लेषणात मन बसेपर्यंत शिपाई सही घ्यायला येतो. संध्याकाळी घरीही तेच. मुलगी गणित विचारते आहे, आई ‘हं’ म्हणते आहे आणि विभागाच्या व्हॉट्सॲप गटावर साडेनऊला सूचना येते आहे. आई घरी असून घरी नाही, अशी मुलांची तक्रार असते. ती खरी असते आणि आईचा तिच्यात दोष फारसा नसतो.

शिक्षकांच्या एका दुखण्याकडे मात्र शिक्षक स्वतःही दुर्लक्ष करतात. ते म्हणजे आवाज. स्त्रीच्या स्वरतंतूंची बोलताना सेकंदाला साधारण २०० कंपने होतात, पुरुषाच्या ११० ते १२०. प्रत्येक कंपनात दोन तंतू एकमेकांवर आपटतात. ४८ मिनिटांच्या तासातला पाव वेळ जरी प्रत्यक्ष आवाज निघत असेल, तरी शिक्षिकेच्या घशात एका तासात सुमारे १ लाख ४४ हजार वेळा हे आपटणे होते. असे दिवसाला तीन-चार तास. त्यात वर्गात १२० मुले, डोक्यावर घरघरणारे पंखे, खिडकीबाहेर रस्ता. गोंगाटात आपण नकळत आवाज चढवतो, आणि चढवलेल्या आवाजात तंतू अधिक जोराने आपटतात. अमेरिकेतील आयोवा आणि युटा राज्यांत झालेल्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ११ टक्के शिक्षकांना त्या वेळी आवाजाची तक्रार होती. इतर व्यवसायांतल्या लोकांत हे प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास होते.

रात्री उशिरा जेवून लगेच आडवे होण्याच्या सवयीचाही येथे संबंध आहे. पोटातले आम्ल वर येऊन स्वरयंत्राला चटका देते आणि सकाळी घसा खरखरतो. मग खाकरून घसा साफ केला जातो, ज्याने तंतूंना आणखी मार बसतो. कुजबुजणे म्हणजे आवाजाला विश्रांती, हाही गैरसमज. जोर लावून कुजबुजल्यानेही ताणच पडतो. पाण्याची बाटली टेबलावर हवी, घोट घोट पीत राहावे. मोठ्या वर्गात माइक मागायला संकोचू नये. आणि घोगरेपणा तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर काढे, ज्येष्ठमध, हळद-दूध यांत महिने न घालवता कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र तपासून घ्यावे. तंतूंवरच्या गाठी लवकर कळल्या तर बहुधा आवाजाच्या व्यायामांनी आटोक्यात येतात.

हा प्रश्न प्राध्यापकांच्या प्रकृतीपुरता असता तर इतरांनी सहानुभूती दाखवून पान उलटले असते. पण रात्री अकरानंतरच्या संशोधनाची किंमत समाजही मोजतो. २०१० पासून शैक्षणिक कामगिरीचे गुण मोजून पदोन्नती देण्याची पद्धत आली. गुण हवेत, वेळ नाही. या फटीत पैसे घेऊन आठ दिवसांत काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा बाजार उभा राहिला. २०१८ मध्ये अनुदान आयोगाला आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली. पुढे ‘केअर’ यादी आली आणि २०२५ मध्ये तीही बंद झाली. असे छापणाऱ्यांचे समर्थन करायचे नाही. पण ज्या व्यवस्थेत प्रामाणिक प्रयोगाला सलग दुपार मिळत नाही, तिथे अप्रामाणिक पेपर स्वस्त पडणारच, एवढे तरी मान्य करायला हवे.

तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यांचे काय, हे तर कोणी विचारतच नाही. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांचा मोठा भार हे शिक्षक वाहतात. जितके तास घेतले तितके मानधन; तयारीचे, तपासणीचे, सुट्टीचे काही नाही. दोन गावांतल्या दोन महाविद्यालयांत तास घेऊन एसटीने घरी परतणाऱ्याला ‘काम आणि कुटुंब यांचा समतोल साधा’ असे सांगणे क्रूरपणाचे आहे.

खरे तर ‘समतोल’ हा शब्दच फसवा आहे. तो सारी जबाबदारी तारेवर चालणाऱ्यावर टाकतो. तार कोणी बांधली, हे विचारत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची व्याख्या करताना तो आजार नसून कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या दीर्घ ताणातून येणारी अवस्था असल्याचे म्हटले, ते याच अर्थाने महत्त्वाचे आहे. आपल्याकडे त्यावर उपाय म्हणून वेळेच्या व्यवस्थापनाची कार्यशाळा घेतली जाते. शनिवारी दुपारी. उपस्थिती अनिवार्य.

उपाय साधे आहेत आणि त्यातले बरेचसे प्राचार्य आणि विभागप्रमुखांच्या हातात आहेत. वेळापत्रक आखताना प्रत्येक शिक्षकाची आठवड्यातली एक सलग दुपार मोकळी ठेवता येते. तास तेवढेच राहतात, फक्त गोळा होतात. अंतर्गत चाचण्या गौरी-गणपतीच्या आठवड्याला चिकटवू नयेत. संध्याकाळी सातनंतर अधिकृत सूचना गटावर टाकू नयेत. परीक्षेतला गोंधळ अपवाद. एकच माहिती तीन समित्यांनी तीन नमुन्यांत मागणे थांबले तर किती तास वाचतील, हे एखाद्या महाविद्यालयाने एक सत्र मोजून पाहावे. पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांना मातृत्व व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजेची आणि मुदतीत दोन वर्षांच्या सवलतीची तरतूद आयोगाच्या नियमांत आहे. अनेक मार्गदर्शकांना ती माहीत नसते, किंवा असली तरी सांगितली जात नाही.

शिक्षकांनाही स्वतःसाठी थोडे करता येईल. प्राध्यापकांच्या लेखनसवयींवर काम करणाऱ्या रॉबर्ट बॉइस यांना असे दिसले होते की सुट्टीत सलग बसून लिहू म्हणणाऱ्यांपेक्षा रोज थोडा वेळ ठरवून लिहिणाऱ्यांचे लेखन अधिक होते. अर्धा तास, सकाळी, मोबाइल दुसऱ्या खोलीत. दिवाळीची वाट न पाहता. मात्र हा अर्धा तास झोपेतून काढला तर मिळवलेले गमावले, म्हणून तो दुसऱ्या कोणाच्या तरी हातून सुटायला हवा. डबे कोणी भरायचे, याची चर्चा घराघरांत सत्र सुरू होण्यापूर्वी व्हावी. नोव्हेंबरात ती चर्चा राहत नाही, भांडण होते.

दुसऱ्या सत्राचे वेळापत्रक आता काही दिवसांत फलकावर लागेल. ते आखणाऱ्याने पेन्सिल हातात असतानाच त्या मोकळ्या दुपारीभोवती चौकट काढावी. छापून लागले की मग त्यात बदल करायला मार्च उजाडतो.