शिक्का बाटलीवर, पाणी कुणाचे?

भारतीय वाइन उद्योग गेल्या पंचवीस वर्षांत दोन आधारांवर उभा राहिला. पहिला, आयात वाइनवरील १५० टक्के सीमाशुल्क. दुसरा, राज्य सरकारांच्या करसवलती. यांपैकी पहिला आधार आता सैल होऊ लागला आहे. ऑस्ट्रेलियाबरोबरचा व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ रोजी अमलात आला आणि पाच डॉलरहून अधिक किमतीच्या बाटलीवरील शुल्क १०० टक्क्यांवर, तर पंधरा डॉलरहून अधिक किमतीच्या बाटलीवरील शुल्क ७५ टक्क्यांवर उतरले. दहा वर्षांत ते अनुक्रमे ५० आणि २५ टक्के व्हायचे आहे.

या वाटेने येणारी वाइन केवळ स्वस्त होणार नाही, ती आपल्याबरोबर शाश्वततेचा शिक्काही आणेल. न्यूझीलंडमध्ये शाश्वत द्राक्षशेतीचा कार्यक्रम १९९० च्या दशकात सुरू झाला आणि आज तेथील बहुतांश द्राक्षक्षेत्र त्याखाली आहे. दक्षिण आफ्रिकेच्या बाटल्यांवर २०१० पासून अशी मोहोर दिसते. ऑस्ट्रेलियाचाही स्वतःचा कार्यक्रम आहे. आपल्याकडे वाइनसाठी असे स्वतंत्र राष्ट्रीय मानक नाही. त्यामुळे येथील मोठे उत्पादक परदेशी प्रमाणपत्रांकडे वळतील आणि लहान उत्पादक बाहेर राहतील. तेव्हा प्रश्न शिक्का हवा की नको हा नाही. तो काय मोजणार आणि त्याचा खर्च कोण सोसणार, हा आहे.

चुकीचे मोजमाप काय करते, याचा धडा फ्रान्सने दिला आहे. तेथील ‘उच्च पर्यावरणीय मूल्य’ या सरकारी प्रमाणपत्राच्या एका पर्यायी निकषात खते-औषधांचा खर्च उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांच्या आत असणे पुरेसे मानले जाई. महागडी वाइन विकणाऱ्याची उलाढालच इतकी मोठी असे, की फवारणी फारशी न घटवताही तो सहज उत्तीर्ण होई. टीका झाल्यानंतर २०२३ पासून हा मार्ग बंद करण्यात आला.

भारतात हीच चूक पाण्याच्या बाबतीत होऊ शकते. वाइनरीच्या छपरावरील सौर पॅनेल, वजनाने हलकी बाटली, सांडपाण्याचा पुनर्वापर हे सारे स्वागतार्ह आहे आणि मोजायला सोपेही आहे. परंतु आपल्या द्राक्षशेतीचा खरा ताण वाइनरीच्या भिंतीबाहेर, बागेत आहे. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ठरावीक मर्यादेपलीकडे भूजल उपसणाऱ्या उद्योगाला ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते. शेतीला त्यातून सूट आहे. म्हणजे वाइनरीच्या विंधन विहिरीचा हिशेब सरकारदरबारी असतो, तिला द्राक्षे पुरवणाऱ्या बागेच्या विहिरीचा नसतो. नंदी हिल्सच्या द्राक्षबागा ज्या चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यात आहेत, तेथे भूजलाचा अतिउपसा हे जुनेच दुखणे आहे. सांगली-सोलापूरच्या दुष्काळी पट्ट्याला ते वेगळे सांगायला नको. ठिबक सिंचन आहे, एवढ्यावर भागत नाही. ठिबकमुळे वाचलेले पाणी बाग वाढवण्यासाठी वापरले गेले, तर खोऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

परदेशी निकष जसेच्या तसे आणण्यात आणखी एक अडचण आहे. युरोपातील वेल हिवाळ्यात विश्रांती घेते. आपल्याकडे ती जवळपास सदाहरित राहते. एप्रिलमधील खरड छाटणी आणि पावसाळा सरताना होणारी फळ छाटणी अशा दोन छाटण्यांवर एक पीक निघते. फळ छाटणीनंतर परतीचा वा अवकाळी पाऊस आला, की डाऊनी आणि करप्याच्या भीतीने फवारण्या वाढतात. फवारण्यांची संख्या पाहून गुण देणारे समशीतोष्ण देशांतील गणित येथील शेतकऱ्याला एक तर नापास करील किंवा खोटी नोंदवही लिहायला शिकवील.

सुदैवाने, भारताला शून्यातून आरंभ करायचा नाही. २००३ मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत मेथोमिल या कीटकनाशकाचे अंश आढळल्यानंतर अपेडाने ‘ग्रेपनेट’ उभारले. निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंदणी, काढणीपूर्व नमुना तपासणी, पेटीपासून बागेपर्यंतचा माग आणि पुण्याच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातील राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा अशी ही साखळी आहे. तिच्याही मर्यादा २०१० मध्ये उघड झाल्या. क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचे अंश सापडल्याने युरोपात माल अडकला आणि हजारो शेतकरी पोळले. तरीही लहान शेतकऱ्याच्या बागेपर्यंत पोहोचणारी अशी व्यवस्था आपल्याकडे आहे, हे महत्त्वाचे. ती खाण्याच्या द्राक्षांच्या निर्यातीसाठी आहे. वाइनद्राक्षांना तिच्यात आणून उर्वरित अंशांबरोबर पाण्याचीही नोंद घेणे, हे नव्या मंडळाच्या स्थापनेपेक्षा स्वस्त आणि विश्वासार्ह ठरेल.

विश्वासार्हतेचा मुद्दा गौण नाही. सेंद्रिय मालात इथिलीन ऑक्साइड सापडल्यानंतर युरोपीय संघाने काही वर्षांपूर्वी भारतात काम करणाऱ्या अनेक प्रमाणन संस्थांची मान्यता काढून घेतली. ज्याची तपासणी करायची, त्याच्याकडूनच शुल्क घेणारी व्यवस्था डोळेझाकीला वाव देते. शिवाय मद्याच्या जाहिरातीवर आपल्याकडे बंधने असल्याने बाटलीवरील लेबल हीच उत्पादकाची सर्वांत मोलाची जागा असते. तेथील प्रत्येक ‘हरित’ शब्द म्हणजे जाहिरातच होय. फसव्या पर्यावरणीय दाव्यांविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. ती या लेबलांनाही काटेकोरपणे लागू व्हायला हवीत.

याला ‘इन्स्पेक्टर राज’ म्हणणारे असतील. पण ज्या उद्योगाला सार्वजनिक पैसा मिळतो, त्याला सार्वजनिक अट नाकारता येत नाही. महाराष्ट्र वाइनवरील २० टक्के मूल्यवर्धित करापैकी १६ टक्के उत्पादकांना परत देतो. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात मद्यबंदीचे निदेशक तत्त्व असताना ही सवलत समर्थनीय ठरते ती ‘शेतकऱ्यांच्या हितासाठी’ या एकाच युक्तिवादावर. २०२२ मध्ये सुपरमार्केटमधील वाइनविक्रीचा निर्णय झाला, तेव्हाही हाच युक्तिवाद पुढे करण्यात आला. मग त्याची पडताळणी का नको? कर परताव्याचा काही भाग दोन अटींशी जोडावा: वाइनरीला पुरवठा करणाऱ्या प्रत्येक बागेच्या पाण्याची मोजणी, आणि प्रमाणित द्राक्षाला करारात लिहिलेला वाढीव दर. लहान बागायतदारांना गटाने प्रमाणित होण्याची मुभा असावी आणि पहिल्या काही वर्षांचा तपासणी खर्च याच परताव्यातून भागवावा.

असे झाले नाही, तर काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको. नोंदवह्या शेतकरी लिहील, फवारणीचे नियम तो पाळील, द्राक्षाचा दर मात्र जुनाच राहील. शिक्क्यामुळे वाढलेली किंमत बाटलीवर छापली जाईल आणि विहिरीची पातळी कुठेच लिहिली जाणार नाही. शाश्वततेच्या कोणत्याही भारतीय मानकाची परीक्षा त्या विहिरीच्या काठावरच व्हायला हवी.