सेर्हिओ रामिरेझ : अर्धाच सांगितला जाणारा इतिहास

निकाराग्वाच्या सेर्हिओ रामिरेझ यांचे नाव निघाले की सर्वांतेस पुरस्कार आणि निर्वासन यांपुढे आपली चर्चा सरकत नाही. १९८५ ते १९९० हे गृहस्थ दानिएल ओर्तेगांचे उपराष्ट्राध्यक्ष होते. १९८६ मध्ये ‘ला प्रेन्सा’ हे दैनिक बंद पाडले, ते याच सरकारने. ‘साहित्यिक’ या बिरुदाने ते उत्तरदायित्व पुसले जात नाही.

मात्र त्यांचे खरे कर्तृत्व सत्ता गेल्यानंतरचे, कायदेमंडळातले आहे. आणि नेमके तेच कोणी सांगत नाही! तेथे सांदिनिस्ता गटाचे नेतृत्व करताना त्यांनी घटनादुरुस्तीचा आग्रह धरला. ओर्तेगांशी बिनसले, नेतेपद गेले, पक्षही सुटला. तरी १९९५ मध्ये दुरुस्ती झाली : राष्ट्राध्यक्षाची लागोपाठ फेरनिवड नाही, निकटच्या नातलगांना त्या पदाची उमेदवारी नाही. मतदारांनी याचे चीज केले नाही. १९९६ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्यांना एक टक्काही मते पडली नाहीत.

२००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेरनिवडीची बंदी गैरलागू ठरवली. २०१७ मध्ये ओर्तेगांच्या पत्नी रोसारिओ मुरिल्यो उपराष्ट्राध्यक्ष झाल्या, २०२५ मध्ये सहराष्ट्राध्यक्ष. २०२३ मध्ये रामिरेझ यांचे नागरिकत्व हिरावले गेले, तेव्हा हळहळ झाली ती कादंबरीकाराविषयी. त्या दुरुस्तीचा उल्लेख तुम्ही कुठे वाचलात?