फटफटीचा आवाज आणि शेजारधर्म

पूर्वी आपल्या खेड्यापाड्यांत मोटारसायकलला 'फटफटी' म्हणत. उर्दू बोलणाऱ्या घरांतही 'फटफटिया' हाच शब्द होता. गाडी दिसण्याच्या आधी ऐकू येई, म्हणून लोकांनी तिच्या आवाजावरूनच तिचे नाव ठेवले. त्या काळी गावात एखादीच फटफटी असे. ती आली की मुले अंगणातून रस्त्याकडे धावत. दिवसातून एकदा येणारा तो आवाज म्हणजे गावाची करमणूकच होती.

आता काळ बदलला आहे. बुलढाणा, खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर अशा गावांत घरोघरी दुचाकी आहे. कारखान्यांनी गाड्यांचा आवाज कमी केला, आणि नेमक्या त्याच वेळी काही तरुणांना तो वाढवण्याची हौस लागली. नवी गाडी घ्यायची, गॅरेजात न्यायची, सायलेन्सरची आतली जाळी किंवा पुंगळी काढायची, नाहीतर मूळ सायलेन्सर काढून बाजारातला पोकळ नळा बसवायचा. मग गाडी धडधडते, गुरगुरते, मध्येच बंदुकीसारखा बार काढते. काही जण मोटारीलाही असाच नळा लावतात. या हौसेचा थोडा शांतपणे विचार करायला हवा. तुमच्यापैकी बहुतेकांकडे अजून वाहन चालवण्याचा परवाना नाही. पण दोन-चार वर्षांत तुमच्याही हातात गाडीची किल्ली येणार आहे.

आधी सायलेन्सरचे काम समजून घेऊ. पेट्रोलच्या इंजिनात पेट्रोल आणि हवा यांच्या मिश्रणाचे लहान लहान स्फोट होत असतात. एक सिलिंडर असलेले चार-स्ट्रोकचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर त्यात सेकंदाला २५ स्फोट होतात. प्रत्येक स्फोटानंतर तापलेला वायू मोठ्या दाबाने बाहेर पडतो. तो सरळ हवेत सोडला, तर कान बधिर होतील. म्हणून त्याच्या वाटेवर सायलेन्सर बसवतात. सायलेन्सरच्या पोटात लहान-मोठे कप्पे आणि भोके असलेल्या नळ्या असतात. आवाजाच्या लहरी या कप्प्यांच्या भिंतींवर आपटतात, परत फिरतात आणि समोरून येणाऱ्या लहरींशी भिडून दुबळ्या होतात. काही सायलेन्सरांत काचेच्या तंतूंचा थर असतो. तोही आवाज शोषून घेतो. अमेरिकेतील रीव्ह्ज बंधूंनी अशा साधनाचे पेटंट १८९७ मध्ये घेतले. म्हणजे मोटार रस्त्यावर आली आणि लगेचच तिचा आवाज आवरण्याची गरज माणसाला जाणवली.

सायलेन्सर पोकळ केला की आवाज तर वाढतोच, शिवाय आणखीही काही घडते. आजच्या गाड्यांत धुराच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाचा भाग असतो. तो विषारी वायूंचे कमी घातक वायूंत रूपांतर करतो. भारतात १ एप्रिल २०२० पासून वाहनांना बीएस-६ ही कडक मर्यादा लागू झाली, तेव्हापासून या भागाचे महत्त्व फारच वाढले आहे. नळा बदलताना अनेकदा हा भागही काढून टाकला जातो. मग कार्बन मोनॉक्साइडसारखे वायू जास्त प्रमाणात बाहेर पडतात. आवाज निदान कानाला कळतो. हे वायू तर गुपचूप छातीत शिरतात.

'बार' काढण्याची गोष्टही अशीच आहे. चालत्या गाडीची किल्ली क्षणभर बंद करून पुन्हा चालू केली, की न जळलेले पेट्रोल तापलेल्या नळीत जाते आणि तिथे पेट घेते. तो फटाक्यासारखा आवाज म्हणजे वाया गेलेले पेट्रोल होय. घाम गाळून वडिलांनी भरलेले पेट्रोल मुलगा रस्त्यावर असे फोडतो. त्यात गाडीच्या भागांचेही नुकसान होते.

मग हे तरुण असे का करतात? त्यांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणतात, "आवाज ही गाडीची शान आहे." हे म्हणणे अगदीच पोरकट नाही. अमेरिकेतील हार्ले-डेव्हिडसन कंपनीने १९९४ मध्ये आपल्या इंजिनाचा आवाज हाच आपला ट्रेडमार्क म्हणून नोंदवून घेण्यासाठी अर्ज केला होता. अनेक वर्षे वाद चालला आणि २००० मध्ये कंपनीने तो अर्ज मागे घेतला. आपल्याकडे बुलेटची संथ धडधडही लोकांना आवडते. १९५५ पासून मद्रासला बनू लागलेल्या त्या गाडीला तिच्या आवाजावरून ओळखणारे आजही पुष्कळ आहेत. इंजिनाचा आवाज सुंदर असू शकतो, हे मलाही मान्य आहे. परंतु सुंदर आणि मोठा हे दोन वेगळे शब्द आहेत. चांगला गायक माईकवर ओरडत नाही. कंपनीतील अभियंते कायद्याने घातलेल्या मर्यादेत राहूनच आवाजाला गोडवा देतात, आणि आपण छिन्नीचे चार घाव घालून तो गोडवा घालवतो.

दुसरे कारण सांगतात ते वेगाचे. नळा मोकळा केला की गाडी जास्त पळते, असे त्यांना वाटते. शर्यतीच्या गाड्यांत वेगळे सायलेन्सर असतात, हे खरे. पण तिथे त्या नळ्याला जुळेल असे पेट्रोल-हवेचे प्रमाणही ठरवलेले असते. नुसती जाळी काढल्याने तसे होत नाही. आवाज वाढला की वेग वाढल्याचा भास मात्र होतो.

तिसरे कारण सुरक्षिततेचे. "आवाज मोठा असला की लोक बाजूला होतात, अपघात टळतो," असे ते सांगतात. पण गाडीचा नळा मागे तोंड करून असतो. त्याचा सगळ्यात मोठा आवाज मागे राहिलेल्या माणसाला ऐकू जातो, आणि धोका बहुतेक वेळा पुढे असतो. आवाज इशारा देण्यासाठी लागतो, हे मात्र खरे आहे. विजेवर चालणाऱ्या मोटारी इतक्या शांत असतात, की त्या आल्याचे पायी चालणाऱ्यांना कळत नाही. म्हणून युरोपात २०२१ पासून अशा प्रत्येक नव्या मोटारीला कमी वेगात असताना मुद्दाम थोडा आवाज करणारे यंत्र बंधनकारक झाले. त्या आवाजालाही खालची आणि वरची अशा दोन्ही मर्यादा आहेत. इशाऱ्यापुरता आवाज पुरे, असा त्याचा अर्थ.

आता ऐकणाऱ्यांकडे वळू या. गाडी एकाची असते, पण तिचा आवाज सगळ्या गल्लीत शिरतो. हा आवाज कोणी मागितलेला नसतो. डोळे मिटता येतात, पण कान मिटता येत नाहीत. रुग्णालयात रात्रभर तळमळून नुकताच झोपलेला रुग्ण दचकून उठतो. पाळण्यातले बाळ किंचाळते. दहावीची परीक्षा तोंडावर आलेली मुलगी एका खोलीच्या घरात, भिंतीला पाठ लावून पाठांतर करत असते. तिचे लक्ष तुटते. दिवसभर जिनिंगमध्ये किंवा शेतात राबून आलेल्या मजुराची झोप मोडते. गाडीवाला अर्ध्या मिनिटात निघून जातो, आणि त्याने काय मोडले हे त्याला कधीच कळत नाही.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. हे माप साध्या बेरजेचे नाही. दहा डेसिबल वाढले, की आवाजातली ऊर्जा दहा पट होते. वीस डेसिबल वाढले, की ती शंभर पट होते. सतत ८५ डेसिबलच्या आवाजात रोज आठ तास राहणे कानाला घातक मानले जाते. कानाच्या आतल्या, आवाज टिपणाऱ्या नाजूक पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. पोकळ नळ्याच्या सर्वांत जवळ रोज कोण असते? स्वतः गाडीवाला आणि ती गाडी दुरुस्त करणारा मिस्त्री. म्हणजे या हौसेची किंमत तेही मोजत असतात.

आपल्या जिल्ह्यात या आवाजाला आणखीही ऐकणारे आहेत. बुलढाण्याहून खामगावला जाणारा एक रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. तिथे बिबटे, अस्वले, नीलगायी राहतात. २०१९ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक वाघ शेकडो किलोमीटर चालत या ज्ञानगंगेच्या जंगलात येऊन पोहोचला होता. रानातले प्राणी शत्रूची चाहूल कानाने घेतात आणि पिलांना हाकही आवाजानेच देतात. घाटात धडधडणारी गाडी त्यांचे कान क्षणभर आंधळे करते.

कायदा काय म्हणतो, तेही पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे कंपनीने बनवलेल्या गाडीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार प्रत्येक गाडीला आवाज आवरणारा सायलेन्सर असलाच पाहिजे. २०१९ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाजाची मर्यादा मोडणाऱ्याला पहिल्याच वेळी दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. याशिवाय २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. त्यांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, तर शांतता क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल अशी मर्यादा आहे. सर्वोच्च न्यायालयानेही १८ जुलै २००५ च्या निकालात स्पष्ट केले, की घटनेच्या २१ व्या कलमाने दिलेल्या जगण्याच्या हक्कात शांतपणे जगण्याचा हक्कही येतो.

पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत पोलिसांनी असे जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांच्यावर रोड रोलर फिरवला. वर्तमानपत्रांत त्याची छायाचित्रे आली. या कारवाईला माझा पाठिंबा आहे, पण ती पुरेशी वाटत नाही. एकीकडे नळे चिरडले जातात आणि दुसरीकडे तसेच नळे दुकानात टांगलेले दिसतात. विकणारा आणि बसवणारा सुटला, तर दंड भरून मुलगा पुन्हा त्याच दुकानात जाईल. कारवाई सुरू व्हायला हवी ती दुकानापासून.

इथे एखादा तरुण विचारेल, "आम्हालाच का बोलता? वरातीतला डीजे चालतो, ट्रकचा कर्कश हॉर्न चालतो, मग आमचीच गाडी का खुपते?" त्याचा प्रश्न योग्य आहे. नियम सगळ्यांना सारखा हवा. ज्याच्या मागे मोठी माणसे आहेत त्याला सूट आणि गरिबाच्या पोराला पावती, असे झाले तर नियमाचा मान राहत नाही. पण दुसऱ्याने त्रास दिला म्हणून आपल्याला तिसऱ्याला त्रास देण्याचा परवाना मिळत नाही. डीजेला विरोध करण्याचा हक्कही त्यालाच शोभतो, जो स्वतः गल्लीत हळू येतो.

आपल्या भागातील कितीतरी मुले शाळेनंतर आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचे काम शिकतात. कितीतरी जण गॅरेजात एखाद्या उस्तादाच्या हाताखाली काम करतात. हा हुनर फार मोलाचा आहे. खरा उस्ताद कानाने काम करतो. चालू इंजिनाजवळ तो क्षणभर उभा राहतो आणि सांगतो, "टॅपेट वाजतोय," किंवा "चेन सैल आहे." इंजिन आपले दुखणे आवाजातून सांगते, आणि ते त्याला कळते. पोकळ नळ्याच्या गोंगाटात हे सारे बुडून जाते. ज्या हातांना बिघडलेली गाडी दुरुस्त करता येते, त्यांनी चांगली गाडी बिघडवून पैसे का घ्यावेत? गिऱ्हाईक आग्रह धरील, जास्त पैसे देतो म्हणेल. "हे काम आमच्याकडे होत नाही," असे सांगणारा मिस्त्री त्या दिवशी शे-दोनशे रुपये गमावील. पण गल्लीची झोप आणि आपल्या हुनराची इज्जत तो राखील.

'आवाज' हा शब्द फारसीतून मराठीत आला आणि तुमच्या उर्दूतही तोच आहे. या दोन्ही भाषांत शेजाऱ्यासाठीही सुरेख शब्द आहेत. उर्दूत शेजाऱ्याला 'हमसाया' म्हणतात, म्हणजे आपल्याच सावलीत राहणारा. मराठीत 'शेजारधर्म' असा शब्द आहे. शेजाऱ्याशी चांगले वागणे हा धर्मच आहे, असे तो सांगतो. सावली जशी दोघांची, तशीच शांतताही दोघांची असते. आपल्या हौसेसाठी दुसऱ्याच्या वाट्याची शांतता घेण्याचा हक्क आपल्याला नाही.

मुलांनो, तुमच्या घरी किंवा ओळखीत अशी गाडी असेल, तर भांडू नका. थोरल्या भावाला नीट समजावून सांगा. गल्लीत आजारी कोण आहे, परीक्षेला कोण बसले आहे, हे त्याला सांगा. मूळ सायलेन्सर बहुधा घराच्या माळ्यावर किंवा गॅरेजच्या कोपऱ्यात पडलेला असेल. तो परत बसवायला फार वेळ लागत नाही.